सुट्टीत अ‍ॅडव्हान्स कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स करायचाय म्हणतोस, तर ऐक

नांदेडात बसून पुण्या-बंगळुरूइतकंच सगळं मिळतं, असं मी म्हणणार नाही. पण एनपीटेलवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, आयआयटी आणि आयआयएससीच्या मास्तरांचे ४, ८ आणि १२ आठवड्यांचे कोर्स आहेत, नाव नोंदवायला पैसा लागत नाही. फी फक्त परीक्षेची. निकालात साधारण असाइनमेंटला २५ टक्के, परीक्षेला ७५ टक्के वजन. पहिल्यांदा एकच घे. मी हावरटासारखे तीन घेतले होते, एकही धड पुरा झाला नाही.

एसीएम इंडिया ही कॉम्प्युटरवाल्यांची संघटना, तिच्या उन्हाळी-हिवाळी शाळांची गोष्ट वेगळी. एकच विषय, साधारण दोन आठवडे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तिथं निवड होते, म्हणून अर्जात 'मला संशोधनाची आवड आहे' लिहून भागत नाही बरं का. आवड सगळ्यांनाच असते. काय करून पाहिलंस ते लिही: एखाद्या छोट्या ओपन सोर्स पार्सरला (मजकूर वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या प्रोग्रामला) वेडीवाकडी इनपुट देऊन फझिंग केलंस, तो कुठं कोसळला, का कोसळला. दोन ओळी पुरतात.

जायच्या आधी त्या विषयाचे दोन-तीन शोधनिबंध वाच, आर्काइव्ह (arXiv) या साइटवर फुकट असतात. आधी सारांश, प्रस्तावना आणि शेवट, मग आकृत्या. गणिती सिद्धतेत पहिल्याच दिवशी शिरलास तर अडकशील. अडलेले प्रश्न वहीत लिहून ने, चहाच्या सुट्टीत थेट मास्तरांनाच विचार.

आणि हो, व्हिडिओ रात्रीच उतरवून ठेव. दुपारी लाइट जाते, तुला माहीतच आहे.