आमदारकीची घाई करू नकोस

जिल्हा परिषदेवर निवडून आल्याचा गुलाल धुऊन झाला असेल तर ऐक. आर. आर. आबा १९७९ ला सावळजमधून सांगली जिल्हा परिषदेवर निवडून गेले आणि तासगावचे आमदार झाले ते १९९० ला. पुढे ग्रामविकासमंत्री म्हणून गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान त्यांना जमलं, कारण गाव आतून ठाऊक होतं. निदान मला तरी तसंच वाटतं.

तू आधी सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त नीट वाचायला शीक. ठराव मंजूर झाला म्हणजे काम झालं असं नसतं रे. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, फाइल प्रत्येक टेबलावर झोपते. मी पहिली दोन वर्षं नुसती भाषणं ठोकली. टाळ्या पडल्या, ओढ्यावरचा पूल काही झाला नाही. आणि हो, ग्रामसेवकाशी वैर नको, दप्तर त्याच्याकडे असतं.