सागाला खारं पाणी चालतं, पाऊस चालत नाही

न्यूझीलंडमध्ये पिक्टनला ‘एडविन फॉक्स’ हे जुनं सागवानी व्यापारी जहाज जपून ठेवलं आहे. ते पाहून आलेल्या वाचकांच्या पत्रांत तेच ते गैरसमज येतात, म्हणून पाच प्रश्न एकदम घेतो.

प्रश्न : हे जहाज मुंबईच्या वाडियांनी बांधलं ना? आमच्या ग्रुपवर तसं आलं होतं.

नाही. १८५३ साली कलकत्त्यासमोर, हुगळीकाठच्या सालकियाला ते बांधलं. वाडियांचं जहाज बघायचं असेल तर १८१७ ची ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला आहे. ग्रुपवरचा मजकूर पुढे ढकलण्याआधी संग्रहालयाची माहिती वाचा.

प्रश्न : हे कैद्यांचंच जहाज होतं का?

नाही. कैद्यांची एकच फेरी झाली, १८५८ ची, ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला. त्याआधी क्रिमियन युद्धात त्याने सैनिक नेले, आणि १८७३ ते १८८० मध्ये चार फेऱ्यांत न्यूझीलंडला वस्तीसाठी निघालेली माणसं.

प्रश्न : आमचे खापरपणजोबा त्यावर खलाशी होते असं घरात सांगतात. कसं शोधायचं?

घरातलं सांगणं हा धागा झाला, पुरावा नव्हे. आधी साल ठरवा. १८६३ नंतरच्या ब्रिटिश जहाजांच्या खलाशी-याद्यांचा मोठा साठा कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहे. तिथल्या अभिलेखागाराला लिहा. घरात जुने कागद असतील तर आजच स्कॅन करून घ्या.

प्रश्न : साग कुजत नाही, मग या जहाजावर एवढा खर्च कशाला? आमच्या मंडळाकडे आजोबांच्या काळचा मचवा आहे, तो चौकात उघड्यावरच ठेवणार आहोत.

कृपा करून ठेवू नका. सागातल्या तेलामुळे वाळवी आणि बुरशी बराच काळ लांब राहते; बराच काळ म्हणजे कायम नव्हे. ‘एडविन फॉक्स’चं १८८५ पासून गोठवलेल्या मटणाचं तरंगतं गोदाम झालं, १८९७ मध्ये ते पिक्टनला आलं, पुढे कोळशाचं कोठार झालं. १९६५ मध्ये एका संस्थेने ते नाममात्र किमतीला घेतलं, तरी त्यानंतरची कितीतरी वर्षं ते पिक्टनजवळच्या शेक्सपिअर बे या खाडीच्या किनाऱ्याला भरती-ओहोटीत पडून होतं. कोरड्या गोदीत यायला १९९९ उजाडलं. या दिरंगाईची किंमत लाकूड मोजतं.

मीठ मुरलेल्या लाकडात बुरशी सहसा धरत नाही. पावसाचं गोडं पाणी ते मीठ धुऊन काढतं, फळ्यांच्या फटीत साचतं, आणि कूज तिथून सुरू होते. त्यात लोखंडी खिळे. मी तपासलेल्या एका जुन्या गलबतात खिळ्याभोवती रुपयाएवढं काळं वर्तुळ होतं, वरून फळी ठणठणीत. नख दाबलं तर लाकूड ओल्या चोथ्यासारखं आत गेलं. वरून वॉर्निश मारून देणारे कंत्राटदार नेमकं हेच झाकतात. पॉलिश नको, घासणं नको, कडक ऊनही नको, कारण भराभर वाळलं की लाकूड तडकतं. पावसाआधी वर छप्पर घाला, खाली हवा खेळती ठेवा, आणि लाकूड-संवर्धनाच्या जाणकाराला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय एकही खिळा उपटू नका.

प्रश्न : ‘एडविन फॉक्सच्या लाकडाचं’ टेबल प्रमाणपत्रासह मिळतंय. घ्यावं का?

नाही. तपासणीत लाकूड सागाचं आहे की नाही ते कळतं, कुठल्या जहाजाचं ते कळत नाही. दुकानाने स्वतः छापलेल्या प्रमाणपत्राला काहीच अर्थ नाही. लाकूड कुणाकडून कुणाकडे गेलं याचे कागद मागा आणि ते पिक्टनच्या संग्रहालयाला पाठवून विचारा. उत्तर येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.