आर आणि लेटेक एकत्र वापरायला सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी.चा प्रकल्प कांद्याच्या बाजारभावांवर आहे, आकडेमोड आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेत होते, तक्ते आणि आलेख वर्डमध्ये चिकटवता. आता गाइड म्हणतात की अहवाल लेटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानांची मांडणी करणाऱ्या प्रणालीत, हवा आणि कोड त्याच फाइलमध्ये हवा. दोन्ही एकदम कसं जमवायचं?

मी नाशिकमध्येच शेतमालाच्या भावांचे अहवाल करतो. तुमच्या गाइडचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, आणि का ते आधी सांगतो. सुरुवातीला मीही चिकटवाचिकटवीच करायचो. एकदा लासलगावच्या भावांचा महिन्याचा अहवाल होता. नोंद करताना एका दिवसाचा १,१५० हा दर ११,५०० असा पडला होता. चूक सापडली, आरमध्ये दुरुस्त केली, तक्ता नव्याने चिकटवला. पण तक्त्याखालच्या परिच्छेदातली सरासरी मी हाताने टाइप केली होती, ती तशीच राहिली. महिन्यात बाजार भरला २३ दिवस. तेवढ्या एका शून्याने सरासरी क्विंटलमागे ४५० रुपयांनी फुगते. निफाड तालुक्यातल्या बैठकीत एका वयस्कर शेतकऱ्यांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून विचारलं, "यातला खरा कोणता, भाऊ?" त्या दिवसापासून अहवालाच्या वाक्यात एकही आकडा मी हाताने लिहीत नाही. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. तक्ते, संदर्भसूची, मुखपृष्ठ हे सगळं नंतर.

या कल्पनेचा इतिहास जुना आहे. लेटेक ज्यावर उभं आहे ते टेक बनवणाऱ्या डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ मध्ये प्रोग्राम आणि त्याचं स्पष्टीकरण एकाच फाइलमध्ये लिहिण्याचा विचार मांडला. फ्रेडरिक लाइश यांनी २००२ मध्ये स्वीव्ह आणून आर आणि लेटेकची गाठ घातली, आणि २०१२ च्या सुमारास तेच काम करणारं यीहुई शिए यांचं निटर हे आरचं पॅकेज आलं. तुम्ही थेट निटरच घ्या. आर मार्कडाउन आणि क्वार्टो हे याच कामाचे दुसरे पर्याय लिहायला सोपे आहेत, गाइडनी लेटेकचा आग्रह धरला नसता तर मी तेच सुचवले असते. पण विभागाचा लेटेकमधला साचा मिळणार असेल तर आर-एन-डब्ल्यू फाइलच (लेटेकचा मजकूर आणि आरचा कोड एकत्र असलेली) बरी, कारण साचा जसाच्या तसा तिच्यात बसतो.

संगणकावर आर आणि त्यात काम करायचं आरस्टुडिओ असेलच. लेटेकसाठी कित्येक जीबीचं पूर्ण टेक लाइव्ह उतरवू नका. आरमध्ये टायनीटेक नावाचं पॅकेज घ्या आणि त्यातलंच इन्स्टॉल टायनीटेक हे फंक्शन चालवा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही काम होतं. मग आरस्टुडिओच्या ग्लोबल ऑप्शन्समध्ये स्वीव्ह नावाचा भाग उघडा. तिथे दोन गोष्टी बदलायच्या: फाइल विणायला निटर, आणि पीडीएफ करायला झीलेटेक. झीलेटेक म्हणजे युनिकोड अक्षरं थेट समजणारं लेटेक, मराठी मजकूर येणार असेल तर ते टाळू नका. फॉन्टस्पेक पॅकेज लावून नोटोसारखा देवनागरी फॉन्ट दिला की जोडाक्षरं नीट येतात.

आता पहिली फाइल. प्रबंधाला हात लावू नका. दहा दिवसांचे दर असलेली एक छोटी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करा आणि ती त्याच फोल्डरमध्ये ठेवा. नव्या फाइलमध्ये कोडचा एक तुकडा, म्हणजे चंक, घाला. चंक सुरू होतो दोन 'पेक्षा लहान', दोन 'पेक्षा मोठे' आणि एक बरोबरच्या चिन्हाने, संपतो स्वतंत्र ओळीवरच्या @ ने. त्यात सीएसव्ही वाचा, सरासरी काढा. खाली साधं मराठी वाक्य लिहा: "या दहा दिवसांत उन्हाळ कांद्याला सरासरी इतका दर मिळाला." 'इतका'च्या जागी बॅकस्लॅश, मग एस-ई-एक्स-पी-आर (फक्त एस कॅपिटल), आणि महिरपी कंसात आरमधलं सरासरीचं नाव. कंपाइल करा, म्हणजे फाइलची पीडीएफ काढा. मग सीएसव्हीतला एक दर बदला, पुन्हा कंपाइल करा आणि ते वाक्य बघा. वाक्यातला आकडा आपोआप बदललेला दिसेल. हे डोळ्यांनी एकदा पाहिलं की पुढचं शिकायला हुरूप येतो.

अडाल तिथे घाबरू नका, पण चूक कुठल्या टप्प्यावर झाली ते आधी ओळखा. निटर पहिल्यांदा कोड चालवून टेक फाइल तयार करतो, त्यानंतर लेटेक तिची पीडीएफ करतं. नवी टेक फाइल झालीच नाही तर घोळ आरमध्ये आहे. ती झाली पण पीडीएफ नाही, तर लेटेकमध्ये. एवढं कळलं तरी निम्मी शोधाशोध वाचते.

सगळ्यात जास्त सतावणारी गोष्ट म्हणजे "कन्सोलमध्ये चालतं, कंपाइल केलं की ऑब्जेक्ट सापडत नाही". आरस्टुडिओ कंपाइल करताना कोऱ्या सेशनमध्ये सुरुवात करतो. तुमच्या कन्सोलमध्ये काय उघडलंय ते त्याला माहीत नसतं. लागणारी सगळी पॅकेजं आणि डेटा फाइलच्या आतच बोलवायचा. लेटेकच्या बाजूने त्रास देतात ते टक्क्याचं चिन्ह आणि अंडरस्कोअर. त्या ओळीत टक्क्याच्या पुढचं सगळं लेटेक टिप्पणी समजून गाळून टाकतं, म्हणून त्याआधी बॅकस्लॅश लावायचा. तक्ते केबल या फंक्शनने काढलेत तर तिथे ही काळजी तेच घेतं.

आवक लाखांत गेली की आणखी एक चमत्कार दिसतो. वाक्यातला १,५२,३४० सारखा आकडा निटर दहाच्या घातात छापतो. असा आकडा आधी फॉरमॅट फंक्शनमधून साध्या मजकुरात (कॅरेक्टर) बदलून घ्या. आणि कॅश हा आधीचे निकाल साठवून ठेवणारा पर्याय सुरुवातीला बंदच ठेवा. सीएसव्ही बदलली हे त्याला आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि तो जुनेच आकडे निमूटपणे छापतो. ज्या चुकीपासून पळतोय तीच मागच्या दाराने घरात येते.

आलेखावर 'लाल', 'रांगडा', 'उन्हाळ' अशी कांद्याच्या प्रकारांची नावं देवनागरीत द्यायची असतील तर आरचं नेहमीचं पीडीएफ डिव्हाइस अक्षरं मोडतं. चंकच्या पर्यायांत कैरो पीडीएफ सांगा. तरीही वेलांट्या हलल्या तर रॅग पॅकेजचं पीएनजी वापरा.

दोन पानं नीट निघाली की एकेक प्रकरण आणा. शेवटी अख्खं फोल्डर वर्गातल्या कोणाच्या तरी लॅपटॉपवर टाका आणि तिथे कंपाइल करा. तिथेही तीच पीडीएफ निघाली, की मगच गाइडकडे जा.