शेवटचा सूर विरेपर्यंत

प्रश्न : फेब्रुवारीत जुन्या गोव्याला जातोय. तिथल्या टेकडीवरच्या मोंते चॅपेलमध्ये व्हायोलिन आणि समूहगायनाचा कार्यक्रम आहे. सोबत ७२ वर्षांच्या सासूबाई. त्या भजनात टाळ वाजवतात. आम्ही हिंदू, आत बसलेलं चालेल का? चपला, कपडे, टाळ्या यांचं काय?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : अवश्य जा. मैफलीला आलेल्याला तिथे धर्म कुणी विचारत नाही. क्रूसाची खूण करणं, गुडघे टेकणं तुमच्याकडून अपेक्षित नसतं. चपला पायातच राहू द्या, बाहेर काढायची रीत नाही. साडी उत्तम, कुणाचे खांदे उघडे नसावेत. बाकाच्या पायाशी अरुंद फळी असते, ती गुडघे टेकण्यासाठी. तिच्यावर पाय ठेवू नका. फोटोसाठी वेदीच्या पायऱ्याही चढू नका.

गाडी टेकडीवर जाते. रेल्वेने आलात तर करमळी स्टेशन जवळचं. सूर्यास्ताआधी पोहोचा, अंगणातून मांडवी आणि दिवाडी बेट दिसतं.

आता ऐकण्याबद्दल. आपली घरं ज्या चिऱ्याची, त्याच चिऱ्याची ही चर्चं. टेकडीखालच्या बॉम जेझू चर्चच्या बाहेरच्या भिंतींवर गिलावा नाही, तिथे तो तांबडा दगड उघडा दिसतो; १६०५ सालची वास्तू आहे ती. जाड भिंती, उंच छत, आवाज शोषायला पडदा की गादी नाही. त्यामुळे सूर रेंगाळतो. जलद वाजवलं की स्वर एकमेकांत मिसळतात, संथ गाणं मात्र असं फुलतं की काय सांगू! मागच्या सज्जाखाली बसू नका, तिथे आवाज दबतो. मधली बाकं धरा.

गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या चर्चच्या शाळांत मुलं स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकली. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गाजलेले अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. हे सासूबाईंना जरूर सांगा.

टाळ्यांचं मात्र नीट सांगते. माझे वडील डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, पेटी वाजवायचे. तिथे दाद जागच्या जागी द्यायची, नाही दिली तर बुवाचा अपमान. त्यांना मी अशाच एका चर्चमध्ये नेलं होतं. व्हायोलिनच्या रचनेचा पहिला भाग संपला आणि ते मोठ्याने ‘व्वा!’ म्हणाले. पुढच्या बाकावरच्या बाई वळून हसल्या, पण वादकाची मान खाली होती, तो पुढच्या भागाची तयारी करत होता. पाश्चात्त्य रचनेचे तीन-चार भाग असतात; मधल्या शांततेत टाळी नाही, सगळं संपल्यावरच. वादकाने गज खाली घेतला की समजायचं.

वडिलांना हे हळूच सांगितलं. शेवटच्या भागानंतर ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. गज खाली आला तरी वर छताशी सूर होताच. तो गेल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, “हय भिंती साथ करतत गो.” मग टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत शेवटपर्यंत.