डेटा अडतो कुठे? स्टोरेजच्या वेगाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच आहे: ‘स्टोरेज स्लो झालंय, नवीन घ्यावं का?’ त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण त्यात बँकेच्या सभासदांच्या पैशाचा सवाल आहे.

आमची सोलापुरातली नागरी सहकारी बँक आहे. तिमाहीअखेरची व्याज आकारणीची बॅच पूर्वी तासाभरात संपायची, आता अडीच तास चालते. कर्मचाऱ्यांना रात्री अकरापर्यंत थांबावं लागतं. विक्रेता म्हणतो, ऑल-फ्लॅश अ‍ॅरे (फिरत्या डिस्कऐवजी फ्लॅश मेमरीवर चालणारी स्टोरेज यंत्रणा) घ्या, तीन लाख आयओपीएस मिळतील. संचालक मंडळापुढे प्रस्ताव ठेवू का?

ठेवा, पण त्याआधी एक गोष्ट मोजा. बॅच चालू असताना स्टोरेजकडे एका वेळी किती मागण्या रांगेत असतात?

आपल्या जिल्ह्यात गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या केन यार्डात काय होतं ते आठवा. तासाला २० गाड्या खाली होत असतील आणि प्रत्येक गाडी सरासरी ३ तास आवारात थांबत असेल, तर कधीही मोजा, आवारात ६०च्या आसपास गाड्या सापडतील. हा साधा गुणाकार जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. तो ‘लिटलचा नियम’ म्हणून ओळखला जातो आणि स्टोरेजला जसाच्या तसा लागू पडतो. सेकंदाला होणारी वाचन-लेखनं, म्हणजे आयओपीएस, गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ, म्हणजे लेटन्सी. उत्तर येतं ते रांगेतल्या मागण्यांचं. सेकंदाला ५,००० वाचनं आणि प्रत्येकी २ मिलिसेकंद असतील, तर रांगेत सरासरी १० मागण्या.

आता तुमच्या बॅचकडे वळू. व्याजाची बॅच पुष्कळ ठिकाणी एकाच रांगेत चालते. एक खातं वाचायचं, हिशेब करायचा, लिहायचं, लिहिल्याची पोच यायची वाट पाहायची आणि मगच पुढच्या खात्याला हात घालायचा. समजा, ४ लाख खाती आहेत, प्रत्येकाला स्टोरेजपर्यंत ३ खेपा लागतात आणि खेपेला ५ मिलिसेकंद जातात. हिशेब होतो ६,००० सेकंद, म्हणजे १ तास ४० मिनिटं. या बॅचला सेकंदाला फक्त २०० खेपा घालता येतात. मागचा अ‍ॅरे तीन हजारांचा असो की तीन लाखांचा, तिला फरक पडत नाही, कारण ती एका वेळी एकच मागणी करते. यार्डात एकच गाडी असेल तर दहा वजनकाटे असून उपयोग काय?

फरक पडतो तो खेपेचा वेळ घटला तर. ५ मिलिसेकंदांचा अर्धा मिलिसेकंद झाला की तेच काम १० मिनिटांत होतं. म्हणजे फ्लॅश घेतल्याने तुमचं काम होईलही, पण विक्रेता सांगतो त्या कारणाने नाही. म्हणून कोटेशनमध्ये ‘तीन लाख आयओपीएस’ ऐवजी ‘रांगेत एकच मागणी असताना लेखनाची लेटन्सी किती’ असं विचारा. उत्तर लेखी मागा.

पण मला खरी शंका वेगळीच आहे. तासाचे अडीच तास झाले, मग खाती अडीचपट झाली का? बहुधा नाही. बचत खात्याचं व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर काढलं जातं आणि युपीआय आल्यापासून दहा-वीस रुपयांच्या नोंदींचा ढीग पडतो आहे. खाती तेवढीच राहिली, तरी व्यवहारांचा तक्ता फुगत जातो. त्यावर योग्य इंडेक्स (नेमकी नोंद शोधून देणारी सूची) नसेल, तर डेटाबेस प्रत्येक वेळी गरजेपेक्षा कितीतरी जास्त डेटा उपसतो. असं असेल तर नवा अ‍ॅरे दुखणं थोडे दिवस झाकेल आणि दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा याच जागी याल. कोअर बँकिंगच्या पुरवठादाराकडून दोन गोष्टी काढून घ्या: बॅचचा वेळ डेटाबेसमध्ये कशाची वाट पाहण्यात जातो त्याचा अहवाल, आणि शाखानिहाय गट करून चार बॅचेस एकाच वेळी चालवता येतील का याचं उत्तर. दुसऱ्या गोष्टीला बऱ्याचदा एक रुपयाही लागत नाही.

मोजताना सरासरीपासून सावध राहा. अ‍ॅरेचा आलेख दर ५ मिनिटांची सरासरी दाखवत असेल, तर त्यातले १० सेकंद १०० मिलिसेकंदांवर आणि उरलेले २९० सेकंद १ मिलिसेकंदावर गेले तरी आकडा ४.३ इतका सोज्वळ दिसतो. त्या १० सेकंदांत काउंटरवरचा स्क्रीन गोठलेला असतो. बॅचच्या रात्री नोंद दर १० सेकंदांनी घ्या, आणि तुलनेसाठी एखाद्या साध्या दिवशीही घ्या. हे दोन आलेख शेजारी ठेवून संचालकांपुढे गेलात, तर खरेदीचा निर्णय होवो वा न होवो, तो डोळसपणे होईल.

रुग्णालयात सीटी स्कॅनच्या प्रतिमा सकाळी फार हळू उघडतात. दुपारनंतर ठीक असतं. रेडिऑलॉजिस्ट डॉक्टर रोज चिडतात. स्टोरेजच्या आरोग्याच्या पानावर सगळं हिरवं आहे.

हिरवं याचा अर्थ काही मोडलेलं नाही, एवढाच. वेगाबद्दल ते पान काहीच बोलत नाही.

सीटीची एक चकती, म्हणजे शरीराच्या एका कापाची प्रतिमा, ५१२ × ५१२ बिंदूंची असते. बिंदूला २ बाइट धरले तर ५१२ किलोबाइट. ८०० चकत्यांची तपासणी सुमारे ४०० मेगाबाइट. एक गिगाबिटच्या लाइनवर सेकंदाला जेमतेम ११० मेगाबाइट येतात, म्हणजे सगळं सुरळीत असतानाही साडेतीन-चार सेकंद लागणारच. डॉक्टरांना पाच सेकंद लागत असतील, तर स्टोरेजला बोल लावू नका, लाइन वाढवा. चाळीस सेकंद लागत असतील, तर पुढे वाचा.

या ८०० चकत्या ८०० वेगळ्या फाइल असतात. प्रत्येक फाइल उघडायला २० मिलिसेकंद गेले, तर १६ सेकंद नुसत्या उघडझाकीत संपतात. दुपारी तीच फाइल २ मिलिसेकंदांत उघडते, म्हणून दुपारी तक्रार नाही. तेव्हा सकाळी डिस्कना दुसरं कोण राबवतं आहे ते शोधा. माझा पहिला संशय रात्रीच्या बॅकअपवर आहे. सुरू केला तेव्हा तो पहाटे तीनला संपत असेल, डेटा वाढत गेला आणि आता तो सकाळी दहापर्यंत रेंगाळत असेल. बॅकअपच्या लॉगमध्ये संपल्याची वेळ असते, गेल्या सहा महिन्यांची काढून पाहा. तसं नसेल तर डिस्कची नियतकालिक पडताळणी आणि प्रतिमांच्या फोल्डरवर चालणारा अँटिव्हायरस पाहा. अँटिव्हायरसमधून फोल्डर वगळायचा असेल, तर पीएसीएस (तपासण्यांच्या प्रतिमा साठवणारी आणि दाखवणारी यंत्रणा) पुरवठादाराच्या लेखी सूचनेनुसारच वगळा.

आणखी एक करता येईल. ओपीडीची यादी आदल्या रात्री तयार असते. त्या रुग्णांच्या जुन्या तपासण्या पहाटेच जलद डिस्कवर आणून ठेवायची सोय बऱ्याच पीएसीएसमध्ये असते, ती सुरू करून घ्या. टेबलावर रुग्ण असताना डॉक्टरांना पडद्याकडे बघत बसावं लागू नये, याची मला मनापासून कळकळ आहे.

चिंचोळी एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. एप्रिलमध्ये दोनदा वीज गेली. तेव्हापासून ईआरपीत (कारखान्याच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एंट्री सेव्ह करायला चार-पाच सेकंद लागतात. रिपोर्ट मात्र पूर्वीसारखेच निघतात.

वाचन ठीक आणि लेखन मंद, तेही वीज गेल्यापासून. आज घरी जायच्या आधी कंट्रोलरच्या (डिस्कचं काम चालवणाऱ्या भागाच्या) कॅशची, म्हणजे जलद मेमरीची, बॅटरी बघा.

एरवी लिहिलेला डेटा आधी कंट्रोलरच्या मेमरीत उतरतो, लगेच पोच मिळते आणि डिस्कवर तो सवडीने जातो. वीज गेली तरी बॅटरी ती मेमरी सांभाळते. बॅटरी खलास झाली की कंट्रोलर धोका पत्करत नाही, प्रत्येक लेखन थेट डिस्कवर पोहोचेपर्यंत पोच रोखून धरतो. दोन कंट्रोलरपैकी एक बंद पडला, तरी पुष्कळ अ‍ॅरे असंच करतात, कारण कॅशची दुसरी प्रत ठेवायला जागा उरत नाही. म्हणून दोन्ही कंट्रोलर चालू आहेत ना, तेही बघा.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी हाच प्रकार पाहिला आहे. तिथे कोणीतरी सेटिंग बदलून बॅटरीविना कॅश सक्तीने चालू केली होती. वेग परत आला, सगळे खूश झाले. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा त्या दिवसाच्या चलनांचा डेटाबेस उघडेना. ते सेटिंग कृपा करून कोणाच्याही सांगण्यावरून लावू नका. बॅटरी बदलेपर्यंत चार सेकंद सोसा.

सर्व्हर रूमचं तापमानही पाहा. यंत्रात शिरणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी, अशी अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची शिफारस आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना एसीसुद्धा वीज गेली की बंद पडतो आणि उष्णतेने बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. यूपीएसवर सर्व्हर असतात, एसी नसतो. जनरेटरवर एसी आहे का ते तपासा.

७,२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७,२०० फेरे) १२ डिस्क, रेड ६ (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा टिकतो अशी जोडणी). त्यावर ३० व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) चालवायच्या आहेत. जमेल का? पूल (या डिस्कची एकत्रित जागा) ९२ टक्के भरला आहे, त्याने काही बिघडतं का?

अशी एक डिस्क विस्कळीत वाचनं सेकंदाला ७५ च्या आसपास देते. कारण यांत्रिक आहे: एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, म्हणजे सरासरी अर्धा फेरा ४.२, आणि शिवाय हेड हलण्याचा वेळ. बारांचे मिळून ९००. रेड ६ मध्ये एका छोट्या लेखनामागे डिस्कवर ६ क्रिया होतात, रेड १० मध्ये (प्रत्येक डिस्कची जुळी प्रत ठेवणारी जोडणी) २. तुमचं काम ७० टक्के वाचन आणि ३० टक्के लेखन असेल, तर रेड ६ वर सुमारे ३६० आयओपीएस मिळतील, रेड १० वर सुमारे ६९०. कॅश थोडी मदत करेल. तरीही ३० मशीनमध्ये ३६० म्हणजे प्रत्येकीला १२. सोमवारी सकाळी सगळ्या एकदम सुरू झाल्या की रडकुंडीला याल. त्या डिस्क बॅकअपला आणि जुन्या फाइलना ठेवा, मशीनसाठी एसएसडीचा छोटा गट घ्या.

पूल ९२ टक्के भरल्याने बिघडतं. थिन प्रोव्हिजनिंग असेल, म्हणजे असलेल्या जागेपेक्षा जास्त जागा मशीनना कागदावर वाटलेली असेल, आणि पूल १०० ला टेकला, तर त्यावरच्या मशीनचं लेखनच थांबतं. ८० टक्क्यांवर इशारा लावा आणि विसरलेले स्नॅपशॉट (डेटाच्या जुन्या क्षणाच्या जपून ठेवलेल्या प्रती) आजच काढून टाका.

मी नुकताच नोकरीला लागलो आहे. रोज नेमके कोणते आकडे पाहू? आणि एफआयओने (स्टोरेजवर कृत्रिम भार टाकून वेग मोजणाऱ्या साधनाने) चाचणी कशी घेऊ?

रोज वाचनाची लेटन्सी, लेखनाची लेटन्सी, रांगेची लांबी आणि दोन्ही कंट्रोलरचा भार पाहा. प्रत्येक कंट्रोलर नियमित ५० टक्क्यांच्या वर असेल, तर एक बंद पडल्यावर दुसऱ्याला सगळा भार पेलवणार नाही, हे वरिष्ठांच्या कानावर घाला. लिनक्सवर हे आकडे दाखवणारी आयओस्टॅट ही कमांड पुरेशी आहे, मात्र एसएसडीवर त्यातला ‘युटिल १००’ पाहून घाबरू नका. तो फक्त एवढंच सांगतो की डिस्क कधी रिकामी नव्हती, ती थकली असं नाही. विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये लेटन्सी सेकंदांत दिसते, ०.०२० म्हणजे २० मिलिसेकंद. व्हीएमवेअरवर ईएसएक्सटॉप या मोजमापाच्या साधनातले डीएव्हीजी आणि केएव्हीजी हे लेटन्सीचे दोन आकडे वेगळे वाचायला शिका. पहिला वाढला तर अडचण होस्टच्या (मशीन चालवणाऱ्या सर्व्हरच्या) बाहेर असते, म्हणजे केबल, स्विच किंवा अ‍ॅरेमध्ये. दुसरा वाढला तर मागण्या होस्टमध्येच तुंबल्या आहेत. पहिला वाढलेला दिसला की स्विचच्या पोर्टवरच्या सीआरसी चुकाही (वाटेत बिघडलेल्या डेटाची नोंद) मोजा. एका खराब एसएफपीपायी (केबल जोडायच्या छोट्या मॉड्यूलपायी) अख्ख्या अ‍ॅरेला दोषी धरल्याचं मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे.

एफआयओ उत्तम साधन आहे. चाचणीची फाइल अ‍ॅरेच्या कॅशपेक्षा बरीच मोठी ठेवा, नाहीतर तुम्ही डिस्क नव्हे, मेमरी मोजाल. आधी रांग १ ठेवून चालवा, मग ८, मग ३२, आणि प्रत्येक वेळी लेटन्सी टिपा. लेखनाची चाचणी कधीही थेट डिव्हाइसच्या नावावर देऊ नका, त्यावरचा डेटा पुसला जातो. वेगळा रिकामा ल्यून (अ‍ॅरेतून वेगळी काढलेली, क्रमांक दिलेली जागा) मागून घ्या, त्यावर फाइल बनवा आणि कमांड चालवण्याआधी ल्यूनचा क्रमांक शेजारच्या सहकाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा.