टाकी उंच करण्याआधी

(वाचकांचे प्रश्न, उत्तरं एका निवृत्त पाणीपुरवठा अभियंतीची)

प्रश्न : आमच्या शेवटच्या गल्लीत साधारण 85 घरं आहेत. सकाळी 6 ते 8 पाणी सुटतं. पुढच्या गल्ल्यांत लोक गाड्या धुतात, आमच्याकडे मात्र मोटर लावणाऱ्यालाच पाणी मिळतं. टाकीचा तळ जमिनीपासून 15 मीटरवर आहे. गल्ली टाकीच्या जागेपेक्षा 3 मीटर उंचावर आहे. मुख्य वाहिनीपासून गल्लीपर्यंत 100 मिलिमीटरचा जुना बिडाचा पाइप, साधारण 800 मीटर. नगरपंचायतीत आता 3 मीटर जास्त उंच टाकीचा ठराव येतो आहे. सल्लागार म्हणतात, आधी हायड्रॉलिक मॉडेल करा. त्यावर खर्च करावा का?
— एक नगरसेविका, सातारा जिल्हा

उत्तर : करावा, आणि ठराव येण्याआधी करावा. मॉडेल म्हणजे तुमच्या नळयोजनेची संगणकातली प्रत. कुठला पाइप किती व्यासाचा, किती लांब, कशाचा, जमीन कुठे किती उंच, कुठे किती घरं, कुठला व्हॉल्व्ह किती उघडा, हे सगळं त्यात भरायचं. मग प्रत्येक चौकात दाब किती उरतो ते समोर येतं. तुम्ही आकडे इतके नीट पाठवलेत की तुमच्या गल्लीपुरता हिशेब मी हातानेच करून दाखवते.

85 घरं, घरात 5 माणसं, माणशी 135 लिटर धरले तर दिवसाला साधारण 57 हजार लिटर लागतात. ते 2 तासांत द्यायचे म्हणजे पाइपातून सेकंदाला 8 लिटर वाहायला हवेत. आता दाब पाहू. तो पाण्याच्या उंचीत, म्हणजे मीटरमध्ये मोजतात. 15 मीटरमधून चढाचे 3 गेले, राहिले 12. ऐन गर्दीत मुख्य वाहिनीत आणखी 4 मीटर जातात असं मी धरते. हा आकडा तुमच्याकडे मोजून घ्यावा लागेल. म्हणजे गल्लीच्या पाइपाच्या तोंडाशी उरले 8 मीटर. घर्षणात किती दाब जातो ते सांगणाऱ्या हेझन-विल्यम्सच्या सूत्रात जुन्या बिडाच्या पाइपासाठी 100 हा गुणांक घातला, तर सेकंदाला 8 लिटर नेताना या 800 मीटरमध्ये 16 मीटर दाब खर्च होतो. हाताशी 8, लागतात 16.

टाकी 3 मीटर उंच केलीत तर हाताशी 11 येतील. लागणार तरीही 16. प्रत्यक्षात काय होईल? आज या पाइपातून जास्तीत जास्त साडेपाच लिटरच्या आसपास येत असतील, नव्या टाकीनंतर साडेसहाच्या आत-बाहेर येतील, आणि तेही तोटी जमिनीला टेकलेली असेल तर. अख्ख्या टाकीच्या खर्चात सेकंदाला एक लिटर. तो लिटरही गल्लीच्या तोंडाशी मोटरी लावून बसलेली घरंच ओढतील.

आता दोन पर्याय मॉडेलवर घालून बघा. पहिला, तेवढाच 800 मीटर पाइप बदलून 150 मिलिमीटरचा नवा डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाचा) टाकायचा. तोच प्रवाह नेताना आता जेमतेम सव्वा मीटर दाब जातो आणि गल्लीत पावणेसातच्या आसपास उरतो. केंद्र सरकारच्या 1999 च्या पाणीपुरवठा पुस्तिकेत बैठ्या घरांसाठी 7 मीटर सांगितले होते, त्याच्या अगदी जवळ. दुसरा पर्याय, एकही पाइप न बदलता तेवढंच पाणी 2 ऐवजी 4 तासांत द्यायचं. प्रवाह निम्मा झाला की घर्षणात जाणारा दाब निम्मा होत नाही, साधारण 28 टक्क्यांवर येतो. गल्लीच्या पाइपात 16 चे साडेचार, मुख्य वाहिनीत 4 चा जेमतेम एक. शेवटी उरतात सव्वासहा-साडेसहा मीटर. दोन्ही पर्यायांचं उत्तर जवळजवळ सारखं, आणि दुसऱ्याला खोदकाम नाही.

गोम आहे ती पुढच्या गल्ल्यांची. वेळ वाढवली की गाड्या धुणारे जास्त वेळ धुणार. त्यामुळे त्यांचे व्हॉल्व्ह आवळावे लागतील, आणि किती आवळायचे हे आधी मॉडेलमध्ये बघता येतं. अंदाजाने आवळून पाहिलंत तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या दारात कोण उभं असेल हे तुम्हाला मी सांगायला नको. कायमचा उपाय मीटर. पण तो तुमच्या सभागृहाचा विषय आहे, माझा नाही.

सल्लागाराला एक अट मात्र लेखी घाला : जागेवरच्या गेजशी, म्हणजे दाबमापकाशी, जुळल्याशिवाय मॉडेलचं बिल निघणार नाही. गावात सहा-सात ठिकाणी, त्यात तुमच्या गल्लीचं टोक हवंच, तोटीला प्रेशर गेज लावायचा आणि पाणी सुटल्यापासून बंद होईपर्यंत दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायचा. गेजवरचा 1 किलो म्हणजे 10 मीटर. त्याच वेळी टाकीतली पातळी किती उतरते तेही मोजायचं, म्हणजे एकूण प्रवाह कळतो. आणि वॉलमनला, म्हणजे रोज व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या माणसाला, बरोबर घ्या. कार्यालयातला नकाशा आणि जमिनीखालचा पाइप यांची गाठ पडलेली मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे. कुठे जोड मारला, कुठे तीन इंची घुसवला, हे वॉलमनच्या डोक्यात असतं, आणि तो निवृत्त झाला की तेही जातं.

एका गावात आमचं मॉडेल एका चौकात 11 मीटर दाखवत होतं, गेज 3 च्या वर हलेना. आधी गेजवर संशय घेतला, तो बदलला, तरी तेच. मग वरच्या बाजूचा रस्ता खोदला. स्लुइस व्हॉल्व्ह दोनच आटे उघडा होता. रस्त्याचं डांबरीकरण करताना त्याची पेटीच गाडली गेली होती, आणि त्या भागासाठी नव्या वाहिनीचं अंदाजपत्रक तयार होतं! तुमच्या ठरावाआधीही असे गाडलेले व्हॉल्व्ह शोधा.

प्रश्न : 24 तास पाणी म्हटलं की आमचे चिरंजीव म्हणतात, 2 तास गळणारे पाइप 24 तास गळतील. बेळगावातल्या काही भागांत अखंड पाणी आलं ते मी पाहिलं आहे. मग त्यांचं म्हणणं चूक आहे का?
— एक ज्येष्ठ वाचक, बेळगाव

उत्तर : चिरंजीवांचं गणित बरोबर आहे, म्हणूनच नुसता व्हॉल्व्ह उघडा ठेवून 24 तास पाणी होत नाही. तुमच्या शहरात, हुबळी-धारवाडला आणि गुलबर्ग्याला 2008 मध्ये जे प्रात्यक्षिक भाग झाले, तिथे आधी त्या भागांतलं जाळं नवं टाकलं आणि घरोघरी मीटर बसवले. आपल्याकडे कराडजवळच्या मलकापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने तेच केलं : मॉडेल, प्लास्टिकचे नवे पाइप, मीटर, आणि जास्त वापराला चढता दर.

गळती दाबावर अवलंबून असते. ढोबळ मानाने धातूच्या पाइपातल्या भोकाची दाबाच्या वर्गमुळाने वाढते, प्लास्टिकच्या पाइपाला उभी चीर असेल तर दाबापेक्षाही वेगाने, कारण दाबाने चीरच उघडते. मिश्र जाळ्यात सरळ प्रमाण धरलं तर फारसं चुकत नाही. म्हणजे रात्री, लोक झोपलेले असताना, 30 मीटरचा दाब 20 वर आणला की गळती तिसऱ्या हिश्श्याने उतरते. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह कुठे बसवायचा, तो कितीवर लावला तर डोंगराकडच्या घरांनाही पाणी पोचेल, हे मॉडेलशिवाय ठरवणं म्हणजे निव्वळ जुगार. भाग वेगळा करून तोंडाशी मीटर लावलात की रात्री 2 ते 4 चा प्रवाह बघा. तेव्हा जे वाहतं त्यातलं बहुतेक गळतीचं असतं.

दुसरी बाजू चिरंजीव विसरतात. 22 तास रिकामा पाइप बाहेरचं पाणी आत घेतो, त्यात मोटर लावली की गटाराजवळचा गळका जोड आत ओढू लागतो. हुबळी-धारवाडच्या नळांचे नमुने तपासले गेले आहेत. अखंड दाब असलेल्या भागांतलं पाणी जंतूंच्या बाबतीत कितीतरी स्वच्छ निघालं.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी माझ्या गावाचं मॉडेल करायचं आहे. महागडं सॉफ्टवेअर लागतं का? आणि माझ्या मॉडेलमध्ये काही ठिकाणी दाब उणे येतो, तो कसा काय?
— एक विद्यार्थिनी, यवतमाळ

उत्तर : एक पैसाही लागत नाही. ईपानेट घे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1993 मध्ये ते काढलं, तेव्हापासून सगळ्या जगाला फुकट आहे. योजना नवीन आणि फांद्यांसारखी पसरणारी असेल, तर कमीत कमी खर्चात पाइप निवडायला आयआयटी मुंबईचं जलतंत्र वापर. आणि एकदा तरी दोन वेटोळ्यांचं जाळं हार्डी क्रॉसच्या 1936 च्या पद्धतीने हाताने सोडव. कंटाळा येईल, पण पाणी कुठून कुठे का वळतं ते बोटांत बसतं. आमच्या पिढीने ते कॅल्क्युलेटरवर केलं, मग लूप नावाचा संगणक-कार्यक्रम आला.

उणे दाबाचं कारण साधं आहे. नेहमीचं विश्लेषण धरून चालतं की तू लिहिलेली मागणी काहीही झालं तरी पुरी होणारच. पाइपाची तेवढी ताकद नसली की गणित जुळवायला ते दाब शून्याखाली ढकलतं. वर सातारा जिल्ह्यातल्या ताईंच्या गल्लीला तसं सोडवलंस तर तिथे उणे 8 मीटर दिसतील. खऱ्या नळाला तसं होत नाही, तिथे पाणीच कमी येतं. दाब कमी पडला तर कुणाला किती पाणी मिळेल, हा प्रश्न प्रा. प्रमोद भावे यांनी नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत, हाताळला आणि 1981 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. तुझ्या महाविद्यालयापासून फार लांब नाही, तिथे एकदा जाऊन ये. ईपानेटच्या 2.2 आवृत्तीत दाबानुसार मागणी धरण्याची सोय आहे, ती चालू कर.

उंचीचे आकडे मात्र फोनवरून घेऊ नकोस. फोन चार-पाच मीटर सहज चुकतो, आणि इथे सगळा खेळच 7 मीटरचा आहे. महाविद्यालयात ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, असेलच. ती मागून घे, दोन मैत्रिणींना स्टाफ (उभी मोजपट्टी) धरायला ने आणि टाकीपासून शेवटच्या तोटीपर्यंत पातळ्या काढ. यवतमाळचं ऊन बघता सकाळी लवकर निघा. फाइल पाठवलीस तर मी बघून कळवीन, पण तिच्याबरोबर गेजचे आकडेही पाठव, त्याशिवाय मी उघडणार नाही.