वाचक विचारतात : वाकलेला शॉकअप सरळ करावा की बदलावा?

प्रश्न : गोरेवाड्याकडच्या कच्च्या रस्त्यावर माझी एक्सपल्स २०० मोटरसायकल नाल्यात गेली. हँडल वाकडं झालं, पुढच्या डाव्या शॉकअपमधून तेल गळतं. कारागीर म्हणतो, शॉकअपचा पाइप तापवून सरळ करतो. करू का? – एक वाचक, काटोल रोड, नागपूर

उत्तर : भाऊ, तापवू अजिबात देऊ नका. तापवलं की पोलादाचा कस जातो, क्रोमही जातं. त्याच पाइपवर तुमचा जीव असतो.

आधी एक करून पाहा. बरेचदा पाइप वाकलेलाच नसतो, तो फक्त ‘टी’मध्ये, म्हणजे दोन्ही पाइप धरून ठेवणाऱ्या वरच्या-खालच्या पकडीत, पिळलेला असतो. एक्सल (चाकाचा दांडा) आणि दोन्ही ‘टी’चे बोल्ट ढिले करा, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करा, मग टॉर्क पान्याने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा. तरी वाकडंच राहिलं तर पाइप काढून जाड काचेवर लोळवा. खालून उजेड लुकलुकला, तर बाक आहे. तो बहुधा खालच्या ‘टी’जवळच असतो. अगदी थोडा बाक प्रेसवर थंड अवस्थेत निघतो, पण चुणी पडली किंवा क्रोम तडकलं तर पाइप बदलाच. मी तर अशा गाडीला दोन्ही पाइप नवेच घालतो. १९० मिलिमीटर खालीवर होणारा शॉकअप आहे हा, कसर नको.

तेल अडवणारे सील दोन्हीकडचे बदला, तेल दोन्हीकडे सारख्या पातळीला भरा. ब्रेकच्या पॅडवर तेल उतरलं असेल तर पॅडही नवे. ‘टी’ आणि चेसिसची मान (हँडल जिथे बसतं तो भाग) तपासल्याशिवाय मात्र गाडी बाहेर काढू नका.